कल्याणचें एक नाट्य-हस्तपत्रक व ‘बलू’ अक्षरवळण

गेल्या वर्षीं मार्गशीर्षांत कल्याण येथील एका हौशी नाट्यमंडळाचे चिटणीस एक छापील हस्तपत्रक घेऊन आमच्याकडे आले. मंडळाच्या एका दिवंगत खजिनदारांच्या ट्रंकेंत जुन्या पावत्यांखालीं तें त्यांस मिळालें होतें. कागद पिंवळा, कडा झडलेल्या, मधोमध दोन घड्या. माथ्यावर नाटकाचें नांव व त्याखालची एक ओळ ठळक, गुबगुबीत अक्षरांत. मग प्रयोगाचें स्थळ, पात्रांचीं नांवें, आण्यांत दिलेले तिकिटांचे दर. आणि तळाशीं ‘शके १८६९, आश्विन’ अशी मिति, म्हणजे इ. स. १९४७ चा शरदृतु. मंडळाची कीर्द इ. स. १९६१ पासूनची आहे. त्यापूर्वींचा एकहि कागद त्यांच्या दप्तरीं नाहीं. तेव्हां हें पत्रक अस्सल धरल्यास मंडळाचें वय एकदम चौदा वर्षांनीं वाढतें, आणि लवकरच निघावयाच्या स्मरणिकेंत ‘स्थापना १९४७’ असें छापण्यास आधार तो एवढाच. चिटणिसांस आमच्याकडून एका ओळीचा दाखला हवा होता. तो आम्हांस देतां आला नाहीं. कां देतां आला नाहीं, आणि पत्रक अस्सल नसतांहि तें टाकाऊ कां नव्हे, हें सांगण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे. त्याकरितां वाचकांस मोडी रुमालांपासून अंमळ दूर, एका अगदीं अलीकडच्या आणि वरकरणी बालिश भासणाऱ्या अक्षरवळणाकडे यावें लागेल.

प्रथम कागदाविषयीं. पिंवळेपणा हें वयाचें प्रमाण म्हणून आपल्या संग्राहकांत फार चालतें. तें चालूं नये. लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद कांहीं महिने उन्हांत राहिला तरी पिंवळा पडतो, आणि चांगला हातकागद दोनशें वर्षांनीं उघडला तरी आपला रंग फारसा सोडीत नाहीं. जुन्नरी व दौलताबादी कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस हें वेगळें सांगावयास नको. पिंवळ्या कागदावर भुलून पैसे मोजणारे गृहस्थ मात्र आम्हांस दर वर्षीं भेटतात.

दुसरी गोष्ट दाबाची. शिशाच्या खिळ्यांनीं छापलेल्या पानाची पाठ बोटानें चांचपली असतां अक्षरांचा दाब बहुधा हातास लागतो. ह्या पत्रकाची पाठ अगदीं सपाट होती. परंतु एवढ्यानें निकाल होत नाहीं. शिळाछापांतहि असा दाब उमटत नाहीं, आणि इ. स. १८३१ मध्यें गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईस शिळाछापावर पंचांग छापलें तेव्हांपासून ती रीत आपल्याकडे रुळलेली होती. मंडळानें १९४७ सालीं मुंबईच्या एखाद्या शिळाछापखान्यांतून हें पत्रक काढून घेतलें असें कोणी म्हटल्यास त्यास खोटें पाडावयाचें कसें?

शिळेवरचें अक्षर हातचें असतें, आणि हातानें काढलेलें अक्षर दुसऱ्या वेळीं तंतोतंत तसेंच येत नाहीं. कित्ता गिरवून गिरवून हात बसलेल्या कारकुनाच्या एकाच पत्रांतले दोन ‘र’ भिंगाखालीं निराळे दिसतात. हस्ताक्षरावरून लेखक ओळखणारे आपण सारे ह्याच भेदावर उभे आहों. पत्रकाच्या माथ्यावरील मजकुरांत ‘र’ पांच वेळां आला आहे. त्यांतला एक आम्हीं पारदर्शक कागदावर गिरवून घेतला व उरलेल्या चारांवर ठेवून पाहिला. केसाचाहि फरक नाहीं. म्हणजे अक्षर हातचें नव्हे, सांच्यांतलें. आणि सांच्यांतलें असून पाठीवर दाब नाहीं. खिळ्यांच्या ठशाचें छायाचित्र घेऊन तें धातूच्या पत्र्यावर उतरविण्याची युक्ति त्या काळीं अज्ञात नव्हती. म्हणून अखेरचा प्रश्न उरला तो हा कीं, सांचा कोणता व केव्हांचा?

ह्याचें उत्तर मिळालें तें डोंबिवलीच्या फडके रोडवर, आणि तेंहि दुसऱ्याच कामासाठीं गेलों असतां. गणेशमंदिराकडे जातांना एका मिठाईच्या दुकानाच्या फलकावर तींच अक्षरें दिसलीं: तीच फुगीर शिरोरेषा, तेंच गोल टोंकाचें शेपूट, तोच गालफुगव्या ‘क’. फलक ज्या तरुणानें केला त्याची चौकशी करून आम्ही त्याच्याकडे गेलों. पत्रक पाहतांक्षणींच, मिति वगैरे न वाचतां, त्यानें हंसून सांगितलें, ‘हा तर बलू!’ मग पत्रकाचा ठळक मजकूर त्याच मापांत त्याच्या संगणकावर जुळवून घेतला, पारदर्शक पटलावर उतरविला आणि पत्रकावर ठेविला. वळणें तर जुळलींच. दोन अक्षरांमधलें अंतर, मात्रेचा झुकाव, अनुस्वाराच्या टिंबाची जागा, हेंहि जुळलें.

‘बलू’ हें मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या अक्षरकारांच्या संस्थेनें तयार केलेलें वळण आहे. त्यांतील देवनागरीचें काम सारंग कुलकर्णी यांचें. इ. स. २०१५ च्या सुमारास तें सिद्ध झालें व गूगलच्या अक्षरभांडारांतून कोणासहि विनामूल्य वापरण्यास खुलें झालें. नांव किपलिंगच्या जंगलकथेंतील अस्वलाचें, आणि अंगलटहि तशीच: रेषा भरघोस, तिची जाडी जवळजवळ सर्वत्र सारखी, टोंकें व कोंपरे गोलावलेले. तें ग्रंथाच्या मजकुरासाठीं नाहींच. दुकानाचा फलक, मुलांच्या पुस्तकाचें मुखपृष्ठ, उत्सवाचें पत्रक, असा दुरून वाचावयाचा मोठा मजकूर हेंच त्याचें क्षेत्र. एकाच वेळीं नऊ भारतीय लिपींत तें घडविलें गेलें आणि प्रत्येक लिपीच्या बलूस त्या त्या भाषेंतला भाऊ जोडून दिला: गुजरातींत ‘भाई’, बंगालींत ‘दा’, गुरुमुखींत ‘पाजी’, तमिळांत ‘तंबी’, कन्नडांत ‘तम्मा’, तेलुगूंत ‘तम्मुडु’, मल्याळमांत ‘चेट्टन’, ओडियांत ‘भैना’. पुढें उर्दूसाठीं ‘भाईजान’ आला. देवनागरी तेवढी नुसतीच ‘बलू’ राहिली. एखादा ‘बलू भाऊ’ मराठीच्याहि वाट्यास यावयास हरकत नव्हती असें आम्हांस वाटतें. पण देवनागरी एकट्या मराठीची नव्हे, हें अक्षरकारांनीं ध्यानांत ठेविलें असावें.

ह्या मंडळींचें ‘मोदक’ नांवाचें आणखी एक वळण आहे. त्याच्याशीं बलूची गल्लत होऊं नये म्हणून येथेंच सांगतों. मोदकांत अक्षर इतकें फुगविलें आहे कीं त्याच्या पोटांतली मोकळी जागा नाहींशी होऊन तिच्या ठिकाणीं केवळ बारीक पांढऱ्या रेषा उरतात. तरीहि अक्षर वाचतां येतें. बलूचें पोट उघडें आहे. अक्षराच्या पोटांत शाईचा थेंब मावेल कीं केवळ केस मावेल, एवढी खूण नवख्यास पुरेल.

पहिला बलू एकाच जाडीचा होता. पुढें इ. स. २०१९ मध्यें ‘बलू २’ तयार झाला, त्यांत साध्यापासून अतिठळकापर्यंत पांच जाड्या आहेत. आमच्या पत्रकांत माथा ठळक आहे, पण पात्रांचीं नांवें व दर त्याच वळणाच्या बारीक जाडींत आहेत. म्हणून पत्रकाची वरची मर्यादा २०१५ वरून आणखी अलीकडे, २०१९ वर येते. त्या वेळीं खजिनदार हयात होते, ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल.

अक्षराच्या जन्मसालावरून कागदाचें वय ठरविणें हा प्रकार आमचा नव्हे. पाकिस्तानांत २०१७ सालीं एका गाजलेल्या राजकीय प्रकरणांत फेब्रुवारी २००६ ची मिति घातलेले दस्तैवज पुढें आले. ते ‘कॅलिब्री’ नांवाच्या रोमन अक्षरांत होते, आणि तें वळण सामान्यांच्या हातीं २००७ च्या जानेवारींत आलें होतें. तेवढ्यावरून त्या दस्तैवजांची अब्रू गेली. आपल्याकडेहि शिलालेखाचा ‘श’ किंवा ताम्रपटाचा ‘ण’ पाहून शतक सांगणारे विद्वान् शंभर वर्षांपासून हेंच करीत आले आहेत. फरक इतकाच कीं तेथें शतक सांगतां येतें, येथें साल सांगतां येतें.

आतां वंशावळीकडे वळूं. कारण ‘असें गोल, एकजाड अक्षर पूर्वीं नव्हतेंच’ असा अर्थ कोणी आमच्या म्हणण्यांतून काढील तर ती चूक होईल. बलूचा सांचा नवा आहे, जात नवी नाहीं.

युरोपांत ह्या जातीचें नांव ‘सेरिफ नसलेलें अक्षर’ असें आहे. रोमन अक्षराच्या पायांना व टोंकांना लहान लहान पाटे असतात, ते सेरिफ. ते काढून टाकलेलें पहिलें छापील अक्षर लंडनच्या विल्यम कॅसलन (चौथा) याच्या नमुन्यांत इ. स. १८१६ मध्यें दिसतें. पुढें त्याच्या टोंकांना गोलाई आली. जर्मनीच्या फोक्सवागेन मोटारींच्या कारखान्यासाठीं १९७९ सालीं केलेलें गोल वळण त्या शाखेंतलें प्रसिद्ध. परंतु हें नांव देवनागरीस चिकटवितांना विचार करावा. आपल्या अक्षरास पाटे नाहींत. त्यास शिरोरेषा आहे, आणि ती काढली तर अक्षर अक्षरच राहत नाहीं. तेव्हां देवनागरीपुरतें ह्या नांवाचें मर्म एवढेंच कीं, रेषेंत बोरूचा जाडबारीकपणा नाहीं. आम्ही त्यास ‘एकजाड’ अक्षर म्हणतों.

ह्या अर्थानें पाहतां ठाणें प्रांतांत सांपडलेलें सर्वांत जुनें अक्षर एकजाडच आहे. सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. १९५६ मध्यें जवळच भुईगांवास नवव्याचा तुकडा निघाला. (सोपारें २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होतें, आतां पालघरांत आहे.) त्यांवरची ब्राह्मी पाहावी. रेषा सर्वत्र सारखी, माथ्यावर आडवी रेघ नाहीं, टोंकास पाटा नाहीं, वळणें मोकळीं व वाटोळीं. ‘ठ’ म्हणजे पुरें वर्तुळ, ‘थ’ म्हणजे मध्यें टिंब असलेलें वर्तुळ. लेखणीच्या टोंकाची ओढ तेथें अद्याप दगडावर आलेली नाहीं. पुढें सातवाहनकाळीं, कल्याणच्या दात्यांचीं नांवें ज्यांत येतात त्या कान्हेरीच्या लेखांच्या सुमारास, अक्षरांचे माथे जाड होऊं लागले. शिरोरेषेचें बीज तें.

लेखणीचें राज्य पुरतें कायम झालेलें पाहावयाचें तर ठाण्याचाच ताम्रपट घ्यावा. १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत पाया खणतांना शिलाहार अरिकेसरीचे शके ९३९ चे पत्रे निघाले आणि त्यांचा तर्जुमा कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या अगदीं पहिल्या खंडांत छापला गेला. महाराष्ट्रांतील कोरीव लेख छापून प्रसिद्ध होण्याच्या कामास इतका जुना मान ठाण्याकडे आहे, ही गोष्ट ठाणेंकरहि क्वचित् सांगतात. अंबरनाथच्या देवळांतला शके ९८२ चा लेख त्यानंतरचा. ह्या नागरींत माथा धरला आहे, दंड उभा राहिला आहे. येथून पुढें बाळबोध अक्षर म्हणजे तिरप्या कापाच्या बोरूचें अक्षर, हें समीकरण सातआठशें वर्षें टिकलें. मोडीनें बोरू न उचलतां धांवण्याची सोय केली. चिटणिशी, बिवलकरी असे तिचे घाट झाले. पण तीहि बोरूचीच लेक.

छपाई आली ती बोरूची आज्ञा घेऊनच. श्रीरामपुरास केरीनें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें तें देवनागरींत आणि १८१० सालीं कोश छापला तो मोडी खिळ्यांत. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यानें देवनागरी खिळे सुधारले. त्याच छापखान्यांत पोरवयांत कामास लागलेले जावजी दादाजी यांनीं राणोजी रावजी आरू या अलौकिक हाताच्या कारागिरास जोडीस घेऊन १८६४ मध्यें ओतकाम सुरू केलें आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. आरूंनीं पोलादावर कोरलेलें अक्षर म्हणजे उत्तम शास्त्र्याच्या पोथींतलें अक्षरच धातूंत उतरलेलें होतें. त्याच दशकांत, १८६६ सालीं, ठाण्यास ‘अरुणोदय’ पत्र निघूं लागलें. ठाणेंकरांच्या डोळ्यांस छापील मराठीची संवय लागली ती ह्या कुळांतल्या खिळ्यांनीं.

ठळक खिळे तेव्हांहि ओतले जात. मथळे व जाहिराती त्यांवांचून कशा चालतील? परंतु ते ठळक म्हणजे जाड बोरूचे. उभा दंड जाड करावा तर वळणाचा निमुळता भाग निमुळताच राही, आणि सांधा, गांठ, पोट ह्या ठिकाणीं शाई भरून ‘क्ष’ चा डाग होई. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांत आम्ही केवळ हें पाहण्यासाठीं चार दिवस जुन्या मासिकांच्या जाहिराती चाळल्या. वि. ल. भावे व त्यांचे स्नेही यांनीं १८९३ सालीं उभी केलेली ही संस्था. महानुभावांच्या गुप्त लिपींतले ग्रंथ उजेडांत आणण्यासाठीं झटलेल्या भाव्यांच्या घरांत बसून अस्वलाच्या नांवाचें अक्षर शोधावें, ह्याची आम्हांस थोडी गंमतहि वाटली. १९४० ते १९५० च्या दरम्यानच्या ज्या जाहिराती आम्हीं पाहिल्या त्यांत ठळक खिळे सारे बोरूच्या जातीचे निघाले. गोल, एकजाड अक्षर जेथें दिसलें तेथें तें ब्लॉक करून छापलेलें, म्हणजे कोणी तरी हातानें रेखलेलें होतें. आणि त्यांत एका ओळींतले दोन ‘र’ कधींहि सारखे नव्हते.

तेव्हां बलूचा खरा बाप छापखान्यांत शोधूं नये. तो शिडीवर चढलेला पेंटर होय. खडू लावलेली दोरी ताणून सोडावी म्हणजे फळीवर शिरोरेषेची ओळ उठे. तिच्याखालीं खडूनें अक्षरांचा अंदाज घ्यावा आणि ऑइलपेंटांत बुडविलेला ब्रश फिरवावा. ब्रशास बोरूसारखा कायमचा काप नाहीं. गोल ब्रश वळवून उचलला कीं टोंक आपसूक गोल येतें आणि रेषा दोन्ही अंगांनीं सारखी भरतां येते. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, कल्याणच्या बाजारांत, डोंबिवलीच्या रामनगरांत अशा फलकांच्या दुकानांखालून आम्ही अनेक वर्षें गेलों आहों. त्यांतला एकहि आम्हीं त्या वेळीं टिपून ठेविला नाहीं. फ्लेक्स आला, फळ्या उतरल्या, कांहीं तर कोंबड्यांच्या खुराड्यांस लागल्या. मोडीचा एक कपटा वाणसामानाच्या पुडींत गेला तर हळहळणाऱ्या आम्हांस ह्या फळ्यांची हळहळ तेव्हां वाटली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

पेंटरांच्या जोडीस वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींचे अक्षरकार आले. त्यांत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचें नांव सर्वांआधीं घ्यावें लागतें. नाटकाचें नांव तयार खिळ्यांत न जुळवितां नाटकाच्या स्वभावाप्रमाणें रेखावयाचें, ऐतिहासिकाचें वेगळें, फार्साचें वेगळें, ही रीत त्यांनीं मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकांच्या अंगवळणीं पाडली. विनोदी नाटकाचें नांव फुगरें व डोलतें काढावें हा संकेत वाचकांच्या डोळ्यांत आधींच मुरलेला होता; बलूचें हंसरेपण त्यामुळेंच परकें वाटत नाहीं. संगणक आल्यावर मात्र पहिलीं वीसपंचवीस वर्षें हा संकेत मागें पडला. पुण्याच्या सी-डॅक व मॉड्युलर ह्या संस्थांनीं मराठी अक्षर संगणकावर आणून मोठा उपकार केला. पण फलकवाल्याजवळ वळणें मोजकीं, आणि तींच ताणून, दाबून, भोंवतीं कड काढून वापरण्याची खोड सर्वत्र लागली. त्या काळचे फलक ताणलेल्या मात्रांवरून आजहि ओळखूं येतात.

बलूचा प्रसार कशानें झाला ह्यास विनामूल्य असणें हें एक कारण. दुसरें कायद्याचें आहे. महाराष्ट्र दुकानें व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमांत २०२२ सालीं सुधारणा होऊन दुकानाच्या फलकावरील मराठी देवनागरी अक्षरें इतर लिपींतील अक्षरांहून लहान असूं नयेत असें ठरलें. व्यापाऱ्यांच्या एका संघानें त्यास हरकत घेतली, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२३ मध्यें दोन महिन्यांच्या आंत फलक लावण्यास सांगितलें. त्या दिवाळीच्या आगेंमागें ठाण्यापासून कल्याणापर्यंत फलकांची जी अदलाबदल झाली ती आम्हीं डोळ्यांनीं पाहिली. आतां येथें अक्षराचा एक खरा पेंच आहे. देवनागरीस वर मात्रा, वेलांट्या व रफार, खालीं उकार. त्यांस जागा सोडली म्हणजे त्याच उंचींत मूळ अक्षराचें अंग लहान पडतें. शेजारीं जाड रोमन अक्षर असेल तर बोरूच्या जातीची नाजूक देवनागरी कायद्याच्या मापानें समान आणि डोळ्यास दुबळी दिसते. बलूंत रोमन व देवनागरी एकाच अंगाचीं केलेलीं आहेत. दोघें शेजारीं बसलीं तर कोणी कोणापुढें लाचार दिसत नाहीं. मराठी फलक हा ज्यांस मानाचा प्रश्न वाटतो त्यांनीं ह्या अक्षरकारांचे आभार मानावयास हवेत. आम्हांस स्वतःस ग्रंथांत निर्णयसागरीच अक्षर गोड लागतें, आणि लग्नपत्रिकेवर, किंबहुना एके ठिकाणीं तर निधनवार्तेच्या फलकावर बलू पाहून मन खट्टू झालें. परंतु तो दोष वापरणाराचा.

पुनः पत्रकाकडे येऊं. येथवरच्या विवेचनावरून तें २०१९ पूर्वींचें असूं शकत नाहीं, इतकें निश्चित झालें. चिटणिसांस हें सांगितलें तेव्हां त्यांचा चेहरा उतरला; खजिनदारांनीं बनावट केली असा आमचा आरोप आहे असें त्यांस वाटलें. आम्हीं त्यांस थांबविलें, कारण पत्रकांत दोन अशुद्धें होतीं आणि तीं आमच्या मनांतून जात नव्हतीं.

पहिलें: ‘प्रयोगाचीं वेळ’. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वींचा मजकूर म्हणून पत्रकांत अनुच्चारित अनुस्वार सर्वत्र आहेत, आणि एरवीं ते बिनचूक आहेत. हा एक तेवढा भलत्या जागीं. ‘वेळ’ स्त्रीलिंगी एकवचनी, तेथें ‘ची’ वर टिंब नको. दुसरें अधिक महत्त्वाचें: ‘लेखक’ ह्या शब्दाच्या जागीं ‘लेरवक’ असें छापलें आहे.

जुन्या खिळ्यांत ‘ख’ चे दोन अवयव सुटे असत, म्हणून तो ‘रव’ असा वाचला जाण्याची भीति नेहमींची होती. लखनौच्या १९५३ च्या लिपिपरिषदेनें दोहोंचे पाय जोडावे असें सुचविलें तें त्याकरितांच. आतां जो मनुष्य आपल्या डोक्यांतून खोटें पत्रक रचतो तो संगणकावर ‘लेखक’ लिहितांना ‘ख’ ची कळ दाबील. ‘र’ आणि ‘व’ अशा दोन कळा दाबण्याचें त्यास कारणच नाहीं. ‘लेरवक’ येतें तें समोर जुना छापील कागद असून तो अक्षर अक्षर पाहून उतरविला गेला, किंवा चित्रावरून अक्षरें ओळखणाऱ्या यंत्रास वाचावयास दिला, तरच. भलत्या जागचा अनुस्वारहि मग उलगडतो: मूळ कागदावरचा शाईचा किंवा किड्याचा ठिपका नकलेंत टिंब होऊन बसला. पोथ्यांच्या नकला मिळविणाऱ्या वाचकांस असे ठिपके ठाऊक आहेत. नक्कलकाराचें अज्ञान हें मुळाच्या अस्तित्वाचें प्रमाण होतें, हा आपल्या शास्त्रांतला जुना अनुभव; तो संगणकाच्या नकलेसहि लागू पडावा ह्याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं, समाधान वाटलें.

म्हणून आमचा निर्णय असा: पत्रक बनावट नव्हे, नक्कल आहे. जुना कागद हातीं धरवेनासा झाला असतां खजिनदारांनीं तो २०१९ नंतर केव्हां तरी उतरवून घेतला असावा, आणि करणाऱ्यानें जवळचें ठळक अक्षर वापरलें. मुळाचे खिळे सुट्या ‘ख’ चे होते. तळची मिति मुळांत होती असें आम्हांस संभवनीय वाटतें. परंतु नकलेवरची मिति ही मुळाची मिति म्हणून सिद्ध होत नाहीं, आणि ‘स्थापना १९४७’ असा दाखला तेवढ्यावर देतां येत नाहीं. शिवाय एक प्रयोग झाला म्हणजे मंडळ स्थापन झालें असेंहि नव्हे. स्मरणिकेंत पत्रकाचें चित्र ‘नक्कल’ ह्या शब्दासह छापावें असें आम्हीं सुचविलें; चिटणिसांनीं विचार करून कळवितों असें सांगितलें.

आमच्या नोंदवहींत त्याची नोंद पुढीलप्रमाणें केली आहे: ‘नाट्य-हस्तपत्रक, कल्याण, नक्कल, संगणकावरील बलू २ अक्षर, इ. स. २०१९ नंतर, मूळ अनुपलब्ध, सुट्या ख च्या खिळ्यांचें, मुळाची मिति शके १८६९ आश्विन, असिद्ध.’ खजिनदारांच्या घरीं माळ्यावर आणखी एक ट्रंक आहे, ती त्यांचे चिरंजीव परगांवाहून आल्यावर उघडावयाची आहे. तोंपर्यंत कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयांत १९४७ च्या आश्विनांतले अंक मिळतात काय हें पाहण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे. त्या सालच्या कल्याणच्या नाट्यप्रयोगांचें एखादें छापील पत्रक, तिकीट किंवा पावती कोणा वाचकाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं तिची पाठ चांचपून, दाब लागतो किंवा नाहीं तेवढें कृपा करून कळवावें.